तांब्याचा जोड

आमचं घर आणि अब्बांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही एका विटेची. त्यामुळे दुकानात काय चाललंय ते आम्हाला स्वयंपाकघरात बसून कळायचं. ट्रकचा डायनॅमो तपासायला लावला की फळीवरचे पेले बारीक थरथरायचे. सोल्डरची तार तापलेल्या लोखंडाला टेकली की चर्र आवाज यायचा आणि पाठोपाठ राळेचा धूर. अम्मी म्हणायची, माह्या डाळीले जिऱ्याची नाई, मिस्त्रीच्या राळेची फोडणी असते. मिस्त्री म्हणजे अब्बा. त्यांचं नाव करीम होतं, पण यवतमाळात त्यांना त्या नावानं हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ट्रकवाले, जिनिंगवाले, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांचे ते मिस्त्रीच. अम्मी महागावकडच्या एका खेड्यातली, तिच्या माहेरी चहूकडे शेतकऱ्यांची घरं, म्हणून ती वऱ्हाडीतच लहानाची मोठी झाली आणि लग्नानंतर तिनं आमचं सगळं घरच त्या बोलीत आणलं. नातेवाईक आले की अब्बा उर्दूत बोलायचे, पण थकले की आपोआप वऱ्हाडीवर यायचे.

मी सांगते आहे ते दिवस उन्हाळ्याचे. मार्च सरला की आमच्या दुकानाचं रूप बदलायचं. डायनॅमो आणि स्टार्टर मागे सरायचे आणि दारापासून भिंतीपर्यंत कूलरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि प्रत्येकीच्या मालकाला ती आजच पाहिजे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही, पण अब्बांच्या दुकानात चार-पाच माणसं बसून असायची, घामानं निथळत, माझी मोटर कधी होते म्हणून. अब्बा कोणावर चिडायचे नाहीत. त्यांची एक पद्धत होती. यंत्र आलं की ते आधी उघडायचे नाहीत. आधी विचारायचे. कधी बंद पडलं, तापल्यावर पडलं की सुरू करतानाच, त्याआधी आवाज बदलला होता का, घरात आणखी काय चालू होतं. लोक कंटाळायचे. पण मी पाहिलं आहे, निम्म्या वेळा त्यांना पेचकस हातात घेण्याआधीच कळलेलं असायचं.

माझी थोरली बहीण लग्न होऊन उमरखेडला गेली होती. घरात मी एकटी. बारावीनंतर मी आयटीआयला मीटर आणि मापनयंत्रांच्या ट्रेडला नाव घातलं, तेव्हा मामूंनी अब्बांना विचारलं होतं, पोट्टीले कायले हे शिकवता. अब्बा म्हणाले, मले जे नाई येत ते शिकून राह्यली, येऊ द्या. ते स्वतः तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांना हिशेबाचे आकडे आणि ट्रकचे नंबर वाचता यायचे, बाकी सगळं हातात होतं.

एका सोमवारी दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि कॅप्टन भागवत उतरले. गावाबाहेरच्या माळावर धावपट्टी होती आणि तिथे त्या काळात काही वर्षं विमान चालवायला शिकवण्याचं एक छोटं केंद्र चाललं. एक विमान, एक पत्र्याचा मोठा गाळा, चार-सहा शिकणारी मुलं आणि शिकवणारे हे कॅप्टन. ते पुण्याकडचे, पन्नाशीतले, बोलणं शांत. त्यांच्या जीपचा स्टार्टर अब्बांनी दोनदा दुरुस्त केला होता, तेवढी ओळख.

ते म्हणाले, "करीमभाई, तुम्ही मीटरचं काम करता ना? माझ्या विमानाच्या इंजिनाचा तापमानाचा काटा वेड्यासारखं करतोय. मध्येच शून्यावर, मध्येच लाल रेघेच्या वर. इंजिन मात्र व्यवस्थित चाललंय."

"तुमचे इंजिनिअर?"

"नागपूरहून येतात. महिन्यातून एकदा. आता शनिवारी येतील. तोपर्यंत काट्याविना उडवायचं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा, आणि या उन्हात. तुम्ही फक्त तार कुठे सैल आहे का बघा. ते आले की तपासून सही करतील."

अब्बांनी हातातला पेचकस खाली ठेवला. त्यांना कळत होतं की विमान म्हणजे ट्रक नव्हे, आणि हात लावायला तिथे परवाना लागतो. पण जन्मभर आकाशात पाहिलेली वस्तू कोणी उघडून दाखवतो म्हणाल्यावर नाही म्हणायला वेगळा माणूस लागतो. मी आयटीआयमधून नुकतीच आले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "रेहाना, चाल. मीटरचं काम हाय, तुह्यं काम हाय."

ते विमान मला अजून दिसतं. परवा बहिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली त्याच्यावर निळा पट्टा होता. मला लाल आठवतो. तिनं ते एकदाच दुरून पाहिलेलं, मी त्याच्यात बसलेली, तरी मला आता पैज लावता येणार नाही. आठवतं ते हे की ते किती लहान होतं. गाळ्यात पत्रा तापून कडकड वाजत होता आणि त्याखाली ते उभं होतं, आमच्या शेजाऱ्यांच्या टेम्पोहून फार मोठं नाही, पंख सोडले तर.

अब्बांनी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. काटा कधी उड्या मारतो, जमिनीवर की वर? रेडिओवर बोलताना मारतो का? दिवा लावल्यावर? खड्ड्यातून जाताना? कॅप्टन आठवून आठवून सांगत होते. रेडिओशी संबंध नव्हता, दिव्याशीही नाही. पण धावपट्टीवर चाकं खडबडीत जागेवरून गेली की काटा हमखास पडायचा आणि इंजिनाचा वेग बदलताना, जेव्हा ते जास्त थरथरतं, तेव्हा पिसाटायचा. "मंग मीटर चांगलं हाय," अब्बा म्हणाले. "तार घासून राह्यली कुठंतरी."

त्यांनी मला आत बसवलं आणि स्वतः इंजिनावरचं झाकण उघडून घेतलं. ते त्याला बॉनेटच म्हणत होते. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं होतं, त्यामुळे सिलिंडरचं डोकं तापलेलं होतं आणि काटा वर होता. मला एवढंच काम, काट्यावरून नजर हलवायची नाही. ते सिलिंडरपासून सुरुवात करून ती तार एक एक वीत बोटांत धरून हळूच हलवत मागे येत होते. "इथं?" "नाही." "इथं?" "नाही." चार-पाच वेळा नाही झालं. मग एकदम काटा शून्यावर कोसळला आणि मी म्हणाले, "तिथंच, अब्बा. तिथंच धरा." इंजिनाच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या कडेवर घासून तारेवरचं विणलेलं वेष्टण गेलं होतं आणि आतल्या तारा पत्र्याला टेकत होत्या. दोन वितीचा तो तुकडा पार कुजका झाला होता. कॅप्टननी वाकून पाहिलं आणि अब्बांच्या पाठीवर हात ठेवला.

मग अब्बांनी बॅटरी कुठे जोडली आहे ते विचारलं. कॅप्टन म्हणाले, या काट्याला बॅटरी नाही, ती तार उष्णतेतून स्वतःच थोडी वीज तयार करते. अब्बांनी तार पुन्हा पाहिली. दोन्ही तारा तांब्याच्या नव्हत्या, कडक होत्या, दोन्हींचा रंगही वेगळा. मला आठवतं, त्यांच्या कपाळावर एक आठी आली. एरवी ते तिथेच थांबले असते आणि आणखी विचारलं असतं. पण दुकानात तेवीस मोटरी पडल्या होत्या आणि माणसं बसून होती. ते म्हणाले, "या तारेहून तांबं बरं. करंट चांगला चालते." आणि माझ्याकडे हात केला. डब्यातली नवी तांब्याची तार मी काढून दिली. पहिल्या वर्षाचे सात महिने झालेली मी, मापनयंत्रांची विद्यार्थिनी, मीच काढून दिली. त्यांनी कुजका तुकडा कापून काढला, दोन्ही बाजूंना जोड मारून सुंदर सोल्डर केलं, वर जाड नळी चढवली आणि तार पत्र्यापासून दूर बांधली. झाकण उघडं ठेवूनच दहा मिनिटं इंजिन चालवलं. काटा एखाद्या शहाण्या मुलासारखा वर चढला आणि स्थिर राहिला. अब्बांचे हात घामानं आणि तेलानं भरले होते, तरी कॅप्टननी ते आपल्या हातात घेतले. परत येताना स्कूटरच्या आरशात मला अब्बांचं तोंड दिसत होतं, ते आपल्याशीच हसत होते.

त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं. अब्बांनी सांगितलं नाही, अम्मीनं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ ते विमान आमच्या वस्तीवरून घरघरत जायचं, अम्मी पोळपाटावरून मान वर करायची आणि शेजारणीला म्हणायची, पाह्य, यायच्या हातचं काम चाललं.

शुक्रवारी सकाळी आयटीआयत गेडाम सरांचा तास होता. गेडाम सर मुकुटबनकडचे, सावकाश बोलणारे, फळ्यावर चित्र काढून मगच तोंड उघडणारे. त्या दिवशी त्यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा काढल्या, एका टोकाला जोडलेल्या. हे टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला वीज मिळते, तिच्यावरून तापमान कळतं. मीटर खरं तर दोन टोकांमधला फरक मोजतं, म्हणून या तारा मीटरपर्यंत त्याच धातूच्या न्याव्या लागतात. मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, "मध्ये कोणी तांब्याची तार जोडली, तं मीटरले वाटते तार तिथंच संपली. थो जोड थंड जागी असला तं काही समजत नाही. गरम जागी असला तं मीटर तेवढं कमी दाखवते. काटा हालत नाही, डुलत नाही. म्हणून कोणाले संशय येत नाही."

त्यानंतरचा तास मला आठवत नाही. आठवतं ते वहीवर ठेवलेलं माझं बोट. झाकण उघडं होतं तेव्हा जोडाला वारा लागत होता. आता झाकण बंद होतं, आणि जोड इंजिनाच्या मागे, जिथे हात घालवत नाही इतकं तापतं तिथे. चार दिवस कॅप्टन ज्या काट्यावर विसंबून चढत होते तो काटा खरं सांगत नव्हता.

तास संपल्यावर मी सरांकडून एक नाजूक काट्याचं मीटर एका दिवसासाठी मागून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. सर माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांनी दिलं. घरी पोचले तेव्हा अब्बा जुम्याची नमाज पढून आले होते, पांढरा कुर्ता, अत्तराचा वास, आणि जेवायला बसले होते. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, कांदा. अम्मी दर जुम्याला शेजारी वाटायला गुलगुले तळायची, तिची कढई चुलीवर चढली होती. मी हात धुतले नाहीत, तशीच समोर बसले.

"अब्बा, थो इमानाचा जोड चुकला."

त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "काहून? काटा हालला का?"

"काटा नाही हालत. पण थो कमी दाखवते. तिथं तांबं चालत नाही."

"कोन म्हणते?"

"गेडाम सर."

"गेडाम सरनं इमान पाह्यलं?"

"नाही."

"मी पाह्यलं. चार दिवस झाले. रोज उडून राह्यलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण अम्मीचा झारा थांबला. "तीस वर्षं मी तारा जोडून राह्यलो, रेहाना. आजपर्यंत जोड सुटला नाई एक."

"जोड चांगला हाय, अब्बा. जोडात चूक नाही. तार चुकली. मीच काढून दिलती."

ते ताटावरून उठले. अर्धी भाकर तशीच. बाहेर जाऊन हात धुतले आणि दुकानात गेले. अम्मी मला म्हणाली, जेवल्यावर सांगता नसतं आलं का तुले, आज जुम्याच्या दिवशी बापाले ताटावरून उठवलं. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त मला घड्याळ दिसत होतं. उन्हामुळे ते दुपारी उडत नसत, संध्याकाळी पाचला उडत. तीन वाजायला आले होते.

भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. डायनॅमो नाही, हातोडी नाही, राळेचा वासही नाही. एवढं शांत दुकान मी कधी ऐकलं नव्हतं. मग पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला आणि अब्बा आत आले. त्यांच्या हातात तोच कापलेला दोन वितीचा तुकडा होता. ते काही फेकत नसत.

"दाखव," ते म्हणाले.

मी त्या जुन्या तुकड्यातल्या दोन्ही तारांची एका बाजूची टोकं एकमेकांत पिळली. दुसऱ्या बाजूला, सोमवारी केला तसाच, तांब्याच्या तारांचा जोड केला आणि त्या तारा मीटरला लावल्या. अम्मीला म्हणाले, गुलगुले काढून घे. अब्बांनी पकडीत धरून पिळलेलं टोक स्वतः तेलात सोडलं. काटा वर गेला आणि थांबला. "बरोबर दाखवून राह्यलं," ते म्हणाले. "आता जोड तेलाच्या जवळ न्या," मी म्हणाले. त्यांनी दुसऱ्या हातातल्या चिमट्यानं तांब्याचा जोड धरून कढईच्या वाफेवर आणला. काटा खाली येऊ लागला. त्यांनी जोड दूर नेला, काटा चढला. जवळ आणला, उतरला. तीन वेळा त्यांनी तसं केलं. मग त्यांनी जोडही तेलात बुडवला. काटा हळूहळू येत शून्यावर बसला.

तेल कढत होतं. त्याच्यात एक गुलगुला राहिला होता, तो काळा पडत चालला होता. अम्मीनं तो काढला नाही. अब्बा मीटरकडे पाहत होते.

"दोनी टोकं तेलात हाये," ते हळू म्हणाले. "अन् मीटर म्हणते काहीच गरम नाई."

आज चाळीस वर्षं मापनयंत्रांच्या कामात काढल्यावर मी सांगू शकते की ते दाखवण्याचा तो सगळ्यात चांगला प्रयोग होता. शिकवण्यासाठी मी तो नंतर पुष्कळदा केला. पण अब्बांचा चेहरा आठवून दर वेळी एक क्षण माझा हात अडतो. माणसाला पटलं की त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो असं आपण समजतो. त्यांच्या चेहऱ्यावर मला एकदम म्हातारपण दिसलं.

त्यांनी पकड खाली ठेवली, टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

आम्ही पोचलो तेव्हा विमान गाळ्याबाहेर उभं होतं. शिकणारा एक मुलगा आत बसून पट्टा बांधत होता आणि कॅप्टन चाकापाशी वाकून काही बघत होते. अब्बांना पाहून ते हसले. "या करीमभाई. तुमचा काटा एकदम फर्स्ट क्लास. उलट इंजिन पूर्वीपेक्षा थंड चालतंय."

अब्बा त्यांच्यापासून दोन हात अंतरावर थांबले. जुम्याचा पांढरा कुर्ता, त्याच्यावर तेलाचे दोन डाग. ते म्हणाले, "साहेब, इंजिन थंड नाई. माह्यं काम चुकलं. काटा कमी दाखवून राह्यला. हे उडवू नका."

कॅप्टनचं हसू लगेच गेलं नाही, ते हळूहळू गेलं. "पण चार दिवस काटा हललासुद्धा नाही."

"हो. म्हणूनच आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगायचं ते सांगितलं, दोन धातू, जोड, बंद झाकण, कढई. सांगताना मी दोनदा अडखळले. मुलगा आत बसून ऐकत होता. कॅप्टननी मला काही विचारलं नाही. पुरावा मागितला नाही, मीटर बघतो म्हणाले नाहीत. ते मुलाला म्हणाले, "उतर खाली. आज नाही जायचं." मग विमानाच्या नाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "काटा खाली होता म्हणून मी चढताना नाक वरच ठेवत होतो. तसं चढलं की इंजिनाला वारा कमी लागतो, ते आणखी तापतं. चार दिवस."

शनिवारी नागपूरचे इंजिनिअर आले. अब्बांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही, सकाळपासून गाळ्यात बाकावर बसून होते आणि मी त्यांच्या शेजारी. इंजिनिअर तरुण होते आणि रागावलेले होते, ते त्यांच्या हातांवरून कळत होतं. त्यांनी जोड पाहिला, कापून काढला, योग्य ती तार टाकली. मग सिलिंडर एक एक करून हवा भरून तपासले. तिसऱ्यातून बारीक सूं ऐकू आलं. त्यांनी ते डोकं उतरवलं, पुसलं आणि उजेडात धरलं. स्पार्क प्लगच्या भोकाशेजारी केसाएवढी एक चीर होती.

"ही यामुळेच पडली का?" कॅप्टननी विचारलं.

"सांगता येत नाही," इंजिनिअर म्हणाले. "आधीची असू शकते. या चार दिवसांतली असू शकते. आणखी काही दिवस गेले असते तर मात्र हवेतच काय झालं असतं, ते सांगता येतं."

मग ते नोंदवही काढून लिहायला बसले. अब्बा उठले आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, काय लिहून राह्यले?"

"तार खराब झाली होती, बदलली."

"माह्यं नाव लिहा. करीम मिस्त्रीनं तांब्याचा जोड मारला, असं लिहा."

"तुमचं नाव यात येऊच शकत नाही. तुम्हाला परवाना नाही. आलं तर पहिला प्रश्न हा होईल की तुम्हाला हात कोणी लावू दिला." ते कॅप्टनकडे न बघता बोलले, पण आम्हा सगळ्यांना समजलं.

"उद्या दुसरा कोनी हे वही वाचन," अब्बा म्हणाले, "त्याले समजलं पाह्यजे का इंजिन चार दिवस काहून तापलं. तार खराब होती म्हणसान तं थो दुसरीकडंच शोधत बसन."

गाळ्यात वरचा पत्रा तेवढा वाजत होता. कॅप्टन खुर्चीवरून म्हणाले, "ते बरोबर बोलतायत. झालं तसं लिहा. मी परवानगी दिली, हेही लिहा."

इंजिनिअरनी लिहिलं. सावकाश, पुष्कळ वेळ लिहिलं.

घरी आल्यावर अब्बा तीन दिवस दुकानात बसले नाहीत. कूलरच्या मोटरी मी आणि अम्मीनं लोकांना परत दिल्या, काही मी नवी तार गुंडाळून भरल्या. चौथ्या दिवशी ते बसले, पण पूर्वीसारखं लोकांना विचारणं बंद झालं. मोटर आली की उघडायची, भरायची, द्यायची. कोणी मीटरचं काम आणलं तर म्हणायचे, पोट्टी आयटीआयतून आली का दाखवजो. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटायचं मी त्यांच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. माझ्याशी ते नीट बोलत होते, हसतही होते कधी. पण मी समोर असताना त्यांनी सोल्डर करताना एकदा दोनदा माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

पोळ्याच्या आधी कॅप्टन दुकानात आले. जीप नव्हती, रिक्षानं आले होते. नोंदवहीतलं वाचून वरून पत्र आलं होतं, त्यांना नोकरी सोडून जायला सांगितलं होतं. ते स्टुलावर बसले, अम्मीनं चहा पाठवला. थोडा वेळ दोघं पावसाचं, कापसाचं बोलले. कॅप्टन म्हणाले, तुमच्यावर माझा राग नाही, करीमभाई, बोलवायला मी आलो होतो. कप खाली ठेवून अब्बांनी विचारलं, "साहेब, एक इचारतो. थे चीर माह्याच्यानं पडली का?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. निघून चाललेला माणूस, एक शब्द टाकायचा होता. कॅप्टननी आपला कप बशीत नीट ठेवला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तुमच्या जोडानं पडली असेल. मी चढवलं त्यानं पडली असेल. आधीची असेल. खूप विचार केला मी. आपल्याला ते कळणार नाही."

अब्बांनी मान हलवली. थोड्या वेळानं दोघं उठले, हात मिळवले आणि कॅप्टन रिक्षात बसून गेले. ते पुन्हा आम्हाला भेटले नाहीत.

मला संताप आला होता. रिक्षा वळणावर जाताच मी म्हणाले, "नाही म्हणले असते तं काय गेलं असतं त्यायचं? एवढा मोठा माणूस."

अब्बा स्टूल उचलून आत ठेवत होते. "नाई म्हणले असते," ते म्हणाले, "तं मंग त्यायच्या कोनत्या गोष्टीवर मी भरोसा ठेवला असता?"

आतून अम्मीनं विचारलं, साहेब काय म्हणत होते. अब्बा भिंतीपाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "माईत नाई म्हणले." आणि कित्येक महिन्यांनंतर मला त्यांच्या आवाजात आराम ऐकू आला.